लोखंडेचा रिकामा चौकोन

लोखंडे,

शोकसभेत मेट्रनबाई तुला मनमिळाऊ म्हणाल्या. मी पहिल्या रांगेत होते. त्या एका शब्दासाठी हात वर करावासा वाटला. मनमिळाऊ? तू? अख्ख्या हॉस्पिटलात तुझ्याशी न भांडलेला माणूस म्हणजे फक्त भूल दिलेला पेशंट. शेजारी मुलाणी सिस्टर डोळे पुसत होती. पुसता पुसता तिनं मला कोपर मारलं आणि हळूच विचारलं, "मोहिते, या कुठल्या लोखंडेबद्दल बोलतायत?" आम्ही दोघी हसलो. मागच्यांना वाटलं हुंदका आला. वाटू दे.

बाकी भाषणं ठीक झाली. सेवाभाव, त्याग, हसतमुख. तुझी खरी गोष्ट कुणीच सांगितली नाही, कारण ती सांगायला वॉर्डातून उठून नर्सिंग ऑफिसमधल्या त्या खडखडणाऱ्या पंख्याखाली जावं लागतं. तिथं बसून तू जे केलंस ते मी रोज पाहिलं. म्हणून मीच लिहिते.

बाहेरच्यांना वाटतं, नर्सची नोकरी म्हणजे सलाईन आणि इंजेक्शन. आपल्याला माहीत आहे की निम्मी नोकरी म्हणजे ड्युटी लिस्ट. पुढच्या महिन्यात कोण कुठल्या वॉर्डात, सकाळी, दुपारी की रात्री, कुणाचा ऑफ कधी. संसार त्या कागदावर चालतो. लेकराची परीक्षा, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, माहेरची जत्रा, सगळं त्याच्याकडे बघून ठरतं.

आधीच्या मेट्रनबाई ही लिस्ट शिसपेन्सिलीनं लावायच्या. एकेका चौकोनात इतकं खोडलं जायचं की कागदाला भोक पडायचं. भोकातली ड्युटी कुणाची, यावर भांडण व्हायचं ते वेगळंच. आणि ज्या सिस्टरच्या शेतातला हुरडा किंवा भरताची वांगी मेट्रनबाईंच्या घरी पोचायची, तिला महिनाभर सकाळची पाळी. माझं माहेर कडेगावचं, घरी ऊस आणि वांगी दोन्ही. मला कधी सलग नाईट लागली नाही. तू दुष्काळी माणातली. तुझ्या घरची ज्वारी घरालाच पुरायची नाही. तू एकदा मला तोंडावर म्हणालीस, "मोहिते, तुझ्या नाईट मी करती अन् माझी झोप तुझी वांगी खात्यात." मला राग आला होता. वाक्य मात्र खरं होतं.

ऑफिसात कॉम्प्युटर आला तो औषधांच्या साठ्यासाठी. तू आपणहून ड्युटी लिस्ट त्यावर नेलीस. आधी नुसती टाईप केली: आडवे दिवस, उभी नावं, मधे चौकोन. त्यात नवल नव्हतं, तेवढं आम्हालाही जमत होतं. मग एका दुपारी तू मला ओरडून बोलावलंस. मला वाटलं, उंदीर निघाला.

"इकडं ये. बस. आता बघ हं. हे रेकॉर्डचं बटण दाबलं. आता मी नाईटच्या चौकोनाला रंग देती. फुडं ऑफ टाकती. त्याच्या फुडं सकाळ. झालं. रेकॉर्ड बंद. आता ह्या दुसऱ्या ओळीवर जाऊन नुसती ही बटणं दाबती."

दाबलीस. काहीच झालं नाही, असं वाटलं. मग दिसलं की जे चौकोन मघाशी रंगवले होतेस तेच पुन्हा रंगले होते. दुसरी ओळ कोरीच.

"आंधळं हाय," तू म्हणालीस. तुला वाईट वाटलं नव्हतं, उलट चेव आला होता. "मी जिथं केलं तिथंच जाऊन करतंय. ह्याला सांगाय पायजे, की बाबा, मी जिथं उभी हाय तिथनं धर."

दुसऱ्या आठवड्यात ते तुला कुठूनतरी कळलं. मॅक्रो म्हणजे त्या आखलेल्या पानाला दिलेली लेखी ऑर्डर, आणि ती ऑर्डर आत जाऊन वाचता येते, बदलता येते, हे कळल्यावर तुला थांबवणं अवघड झालं. कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकदम दाबलं की महिन्याच्या सगळ्या रात्री वाटल्या जायच्या. एल म्हणजे लोखंडे, हे तू येईल त्याला सांगायचीस. विनय तुझ्यात नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

"मी कसं केलं ते बघतंय अन् तसंच करतंय, उलट न बोलता. सून मिळावी तर अशी."

"तुला मुलगा कुठाय?"

"म्हणून तर कॉम्प्युटरवर भागवतीय."

मला तुझं सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर चूक झाली की तुझा चेहरा. मॅक्रो मधेच अडलं की आतली एक ओळ पिवळी व्हायची. आम्ही घाबरायचो. तू खुर्ची पुढं ओढायचीस. "बघ, कुठं दुखतंय ते सांगतंय. आपले पेशंट सांगत्यात का एवढं नीट?" आणि खरंच, पेशंट तपासावा तशी एकेक ओळ तपासत जायचीस. नाडी, ताप, बीपी. घाई नाही, अंदाज नाही. औषध बदलायचं तर एकच बदलायचं, मग थांबून बघायचं. मी तुझ्याकडून मॅक्रो अर्धवट शिकले, पण ही सवय पूर्ण घेतली. आजही नवीन मुलींना मी तेच सांगते, तुझं नाव न घेता. आता घेईन.

त्या मॅक्रोत तू काय काय घातलंस! आपल्याकडे आधीपासून चालत आलेलं होतं की दिवाळीला डिसोझा सिस्टर आणि तिच्यासारख्या ख्रिश्चन मुली ड्युटीला थांबायच्या आणि नाताळला आपण. त्या फराळाचे डबे न्यायच्या, आपण केक खायचो. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून दर वर्षी कुणीतरी विसरायचं आणि रडारड व्हायची. तू त्याची ओळ लिहिलीस. रमजानात मुलाणीला संध्याकाळी मोकळं ठेवायचं, रोजा सोडायला. ओळ. गरोदर मुलीला सहाव्या महिन्यानंतर रात्र नाही. ओळ. अमुक आणि तमुक एका वॉर्डात नकोत. त्या ओळीच्या वर तू इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा लिहून ठेवला होतास, जो मशीन वाचत नाही, माणूस वाचतो: दोघी चांगल्या आहेत, एकत्र चांगल्या नाहीत.

आणि मग जत्रा.

तुझ्या डोक्यात आलं की प्रत्येकीला तिच्या गावच्या जत्रेला ऑफ मिळालाच पाहिजे. सगळ्यांना विचारून तू तिथीवरून तारखा काढल्यास, घातल्यास, बटण दाबलंस, छापलंस, बोर्डावर लावलंस. आपल्या निम्म्या मुली माण, खटाव, कडेगाव, खानापूरच्या. या भागातल्या जत्रा चैत्रात एकमेकींच्या अंगावर पडतात हे तुला माहीत नव्हतं असं नाही. उत्साहात सुचलं नाही. सगळ्यांना ऑफ मिळाला. आणि त्या दिवशी मेल सर्जिकल, सकाळ: लोखंडे. फीमेल मेडिकल, सकाळ: लोखंडे. मॅटर्निटी, सकाळ, दुपार, रात्र: लोखंडे, लोखंडे, लोखंडे.

बोर्डासमोर ही गर्दी जमली. वॉर्डबॉय शिंदे मामा चष्मा वर करून वाचत होते. "लोखंडे सिस्टर, तुमाला आता धा हात फुटाय लागत्यात."

"हात चालतील वो मामा. पाय धा लागतील, त्याचं काय करू?"

सगळे हसले. मी पण हसले. पण मी बाजूला घेऊन तुला विचारलं, की मशीनला तुझंच नाव का सापडलं. तू टाळलंस. मी सोडलं नाही. मग तू आत जाऊन ती ओळ दाखवलीस. जिथं नियमात बसणारं कुणीच मोकळं नाही, तिथं लोखंडे लिही. एवढीच ओळ. पहिल्यापासून होती. महिन्याला सात-आठ जागा अशा निघायच्या आणि त्या सगळ्या तू गुपचूप करत होतीस, ऑफच्या दिवशी, डबल ड्युटी करून. लिस्ट इतकी छान बसायची, त्याचं कारण ते होतं. जत्रेनं ते एका दिवसात बोर्डावर आणलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलं नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. माणसं कमी आहेत. ती जागा रिकामी दिसली तर वरच्यांना कळेल की माणसं कमी आहेत. तू नाव घालून भोक बुजवतेस, म्हणून त्यांना लिस्ट भरलेली दिसते आणि नवीन भरती होत नाही. तू उपकार करत नाहीस, लपवतेस.

"अन् रिकामी ठिवली तर?" तू म्हणालीस. "रिकामा चौकोन रिकामा ऱ्हातो व्हय? आधीच्या पाळीची पोरगी त्यात अडकती. चार्ज दिल्याबिगर वॉर्ड सोडता येतो का आपल्याला? न्हाई. मग ती थांबणार. घरी तिचं तान्हं रडणार. वरच्या सायबाला कायबी होत न्हाई, मोहिते. रिकाम्या जागंत कोणतरी बाईच पडती. मग मीच पडती, मला तान्हं न्हाई."

"एकदा बोंब होऊ दे. एकदा झाली की सुधारेल."

"बोंब झाली की आधी पोरीला मेमो येतो. लय बघितलंय मी."

तेही खरं होतं. दोघींचं खरं होतं, म्हणून तर ते भांडण इतकी वर्षं टिकलं. चहाच्या वेळी, लिफ्टची वाट बघताना, मुलाणीच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर. एका चौदा एप्रिलला तू बाबासाहेबांना वंदना करून, पांढरी साडी बदलून, युनिफॉर्म घालून दुपारच्या ड्युटीला हजर झालीस, कारण जत्रांमुळे जागा निघाली होती. मी चिडून म्हटलं, "सगळ्यांचे सण मशीनला शिकवलेस आणि तुझा तेवढा नाही?"

"शिकवलाय. पर त्या ओळीच्या खाली ही लोखंडेची ओळ हाय. मशीन खालची ओळ शेवटी ऐकतं." आणि हसलीस. तुझ्या त्या हसण्यानं मी आणखी चिडायचे. त्यामुळेच मी मागे लागून राहिले असेन.

मधे पुण्याहून एक कॉम्प्युटरचा माणूस आला. म्हणाला, मॅक्रो म्हणजे धोका, व्हायरस त्यातूनच येतात, बंद करा. फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येऊन परवानगी मागते, तिच्याकडे बोट दाखवून त्यानं आम्हाला घाबरवायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस, "दारावरची बेल वाजली म्हणून घर बंद करायचं का? कोण आलंय ते बघून दार उघडायचं." त्यानं आणलेल्या तयार प्रोग्राममध्ये सगळ्या सिस्टर सारख्या होत्या. त्याला रमजान माहीत नव्हता, तान्हं माहीत नव्हतं. पहिल्याच लिस्टनं डिसोझाला नाताळला नाईट लावली. मेट्रनबाईंनी स्वतः त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्या दिवशी तू ऑफिसातून अशी चाललीस की जणू तालुका जिंकला.

मग तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं लिहीत नाही. लोक म्हणतात, ड्युट्यांनी तिला खाल्लं. मी तुझे सगळे रिपोर्ट पाहिलेत. स्वादुपिंडाला तुझी ड्युटी लिस्ट माहीत नव्हती. उगाच नाटक नको, तुलाही आवडलं नसतं.

स्पेशल रूममध्ये झोपूनसुद्धा तू पाळ्या मोजत होतीस. माझ्यासमोर एकदा ड्रिप बदलायला नवीन मुलगी आली, तर तिला म्हणालीस, "आज दुपारी पवार हाय ना? तू कशी?"

"सिस्टर, पवारताईंनी पाळी बदलून घेतलीय."

"लिस्टमध्ये घातली का?"

"नाही अजून."

"मग तू अजून आली न्हाईस. जा, घालून ये."

ती बिचारी खरंच गेली. तू डोळे मिटून हसत होतीस. तेव्हा मी तुला विचारायला आले होते. फाईल कुठं आहे, कुठली प्रत ताजी आहे, ते सगळं विचारलं. तू नीट सांगितलंस. एक प्रश्न राहिला: तुझ्या नावाच्या जागी काय लिहू? तो विचारायचा म्हणजे दुसरं काहीतरी तोंडावर बोलायचं. मी फटकळ आहे, पण तितकी नाही. तुला बहुतेक कळलं होतं. तू म्हणालीस, "पिवळी ओळ आली तर घाबरू नगंस." मी "बरं" म्हटलं आणि चादर सरळ केली. ती सरळच होती.

जलदानविधीला तुझ्या गावी आले. तुझ्या लेकीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लिस्ट लावायला बसले. कर्मचाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढलं, कारण काढावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट, एल. अर्धा महिना भराभर भरला आणि मॅक्रो थांबलं. पिवळी ओळ. तीच. मशीन लोखंडेला शोधत होतं आणि ती यादीत सापडत नव्हती, एवढीच अडचण.

एका शब्दाचं काम होतं. लोखंडे खोडायचं, दुसरं लिहायचं. मी मोहिते लिहिलं. बघत बसले. मग खोडलं. मी घाबरले म्हणून नव्हे. मला पटत नव्हतं म्हणून. इतकी वर्षं तुझ्याशी भांडून आता तू नाहीस म्हणून मुकाट्यानं तुझीच ओळ पुढं चालवायची, हा मान नव्हे. मी ओळ बदलली: जिथं कुणी मोकळं नाही, तिथला चौकोन रिकामा ठेव आणि लाल कर. तुझ्यासारखं पटकन जमलं नाही. सगळी दुपार गेली. तीनदा सगळी लिस्टच लाल झाली. एकच बदलायचं आणि थांबून बघायचं, असं करत शेवटी झाली. छापली. बोर्डावर लावली.

मुली आल्या आणि लाल चौकोन मोजायला लागल्या. पवार म्हणाली, "एवढ्या?" मी म्हटलं, "दर महिन्याला."

एक प्रत मी प्रशासक साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, "सिस्टर, हे लाल काय आहे? आधी लिस्ट पूर्ण भरलेली असायची."

"आधी तिथं लोखंडे सिस्टर असायच्या."

"या सगळ्या ठिकाणी?"

"हो."

"त्या कधी बोलल्या नाहीत."

"मी बोलत होते, सर. त्यांनी काम करून माझं बोलणं खोटं पाडलं."

त्यांनी कागद जवळ ओढून एकेक वॉर्ड वाचला. चांगले आहेत, नुसते कागद दिसल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. दोन नवीन जागा भरायचं त्यांनी मान्य केलं, जाहिरात निघाली. म्हणजे मी जिंकले, लोखंडे. माझं बरोबर निघालं. सांगायला तू नाहीस आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजा नाही.

पण जाहिरात म्हणजे माणूस नव्हे. आणि पहिला लाल चौकोन काल दुपारी आला, फीमेल मेडिकलला.

मी ठरवलं होतं, जायचं नाही. साहेबांनी बघावं. ड्युटी संपली, पर्स घेतली, जिन्यापर्यंत गेले. वॉर्डाच्या दारात सकाळची मुलगी उभी होती, अश्विनी, तिचं बाळ पाच महिन्यांचं. चार्जची वही हातात, नजर जिन्याकडे. तिनं मला हाक मारली नाही. तिला वाटलं असेल, ही लाल लावणारी बाई, हिला काय बोलायचं. मागे वॉर्डात कुणाची तरी सलाईन संपत आली होती, ते मला तिथूनच दिसलं. आपल्याला दिसतंच.

मी परत गेले. पर्स कपाटात टाकली. म्हटलं, "दे चार्ज. घरी जा." ती म्हणाली, "ताई, मग लिस्टवर तुमचं नाव घालू?"

"नको," मी म्हटलं. "तो चौकोन लालच राहू दे. पुढंही असाच ठेवायचा. मी वॉर्डात आहे, लिस्टमध्ये नाही."

तिनं चार्ज दिला आणि ती पळाली. बेड नंबर एकपासून मी सुरुवात केली. पेशंटला नर्स मिळाली आणि कागदावर जागा रिकामीच राहिली. तुझं पण झालं आणि माझं पण. इतकी वर्षं भांडलो, शकुंतला; हे आपण दोघी असताना सुचायला हवं होतं.